मागच्या चाकातले नऊ

माझा दादा सायकली दुरुस्त करतो. चौपन्न वर्षांचा आहे, त्यातली चाळीस वर्षं त्याने एकाच लाकडी ठोकळ्यावर बसून काढली. ठोकळा एका बाजूने झिजलाय आणि दादाही त्याच बाजूला कललाय. रस्त्याने चालला की लोकांना वाटतं, हा कुणाचं तरी ऐकायला वाकलाय. ऐकत मात्र तो कुणाचंच नाही, हे मी त्याची सख्खी बहीण म्हणून सांगते.

मी धाकटी. चाळिशी उलटली तरी घरात माझं नाव धाकटीच. लग्न करून बघितलं, पटलं नाही, परत आले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन पंक्चर काढायला बसले. दादाने एका शब्दाने विचारलं नाही, फक्त पाण्याची पाटी माझ्याकडे सरकवली. पंक्चर, ब्रेक, चेन आणि पुढचं चाक माझ्याकडे. मागचं चाक दादाचं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही.

चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक वाटी असते. तिला आम्ही कप म्हणतो. कपात ग्रीस भरायचं, ग्रीसमध्ये गोल रांगेत छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, बसवायचे, मधून एक्सल घालायचा आणि वरून कोन, म्हणजे निमुळता नट, फिरवून बंद करायचं. सगळा भार त्या छऱ्यांवर. मागच्या चाकात एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. जुने-नवे एकत्र करायचे नाहीत. एक छर्रा केसभर जाड निघाला तरी सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतं.

हे नऊ मोजायची आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, स्वतःची पद्धत होती. दुकानात सतत माणसांची ये-जा. कुणी किती वाजले विचारतो, कुणी किती होतील विचारतो, आणि आकडा डोक्यातून पळतो. आबा म्हणायचे, आकडा पळतो, घरचं माणूस पळत नाही. म्हणून ते माणसं मोजायचे आणि आम्हालाही त्यांनी तसंच शिकवलं. दादाची मोजणी अशी: आबा, आई, आत्या, मी, ताई, बारक्या, धाकटी, वहिनी, छबी. एकेका नावाला एकेक छर्रा. वहिनी ही दादाची बायको, पण माझ्या तोंडून ऐकून ऐकून तोही मोजताना तिला वहिनीच म्हणतो. छबी त्यांची मुलगी. दादाच्या लग्नाआधी वहिनीच्या जागी आमचा वाघ्या कुत्रा होता आणि छबी होईपर्यंत तिच्या जागी मांजर. हे कळल्यावर वहिनी महिनाभर सगळ्यांना सांगत होती, “मी ह्या घरात कुत्र्याच्या जागेवर लागले बरं का.” पुढच्या चाकात एका बाजूला दहा लागतात, तिथे वाघ्या अजून आहे.

आबा गेले, आई गेली, आत्याही गेली. मोजणीतून त्यांना कुणी काढलं नाही. काढायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता बारक्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बारक्या आमचा मधला भाऊ. दादाच्या पाठीवर ताई, मग बारक्या, मग मी. दादा आणि तो एकाच दुकानात, पाठीला पाठ लावून वीस वर्षं बसले. चार महिन्यांपूर्वी त्याने मोठ्या रस्त्यावरच्या सायकलच्या शोरूममध्ये नोकरी धरली. तिथे पेटीबंद बेअरिंग असतात. खराब झाली की उघडायची नाहीत, ठोकून बाहेर काढायची, फेकायची, नवीन ठोकायची. ते त्याने जेवताना सांगितलं, तिथवर निभावलं असतं. पण दादाने टोमणा मारला आणि ह्याने तोंड सोडलं. म्हणाला, “आयुष्यभर छर्रे मोजत बसलास. तेसुद्धा आई-आबा करत. तिकडे सांगितलं तर हसतील लोक.”

दादाने घास खाली ठेवला. “तू माझ्या घरात नाहीस,” म्हणाला. “आजपासून स्वतःला धरूच नकोस.”

बारक्या त्याच संध्याकाळी बायकोच्या माहेरी राहायला गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव बंद. वहिनीच्या तोंडून एकदा सहज निघालं, तर दादा ताटावरून उठला आणि दोन दिवस पाण्याशिवाय त्याने काही घेतलं नाही. मी त्या दिवशी कानाला खडा लावला. माझा स्वभाव काही गप्प बसणाऱ्यातला नाही, पण उपाशी माणसाशी भांडणार कसं?

मग चाकं परत यायला लागली.

पहिलं शिंपीणबाईंचं. दादाने नवीन छर्रे टाकून अजून महिना झाला नव्हता, तर मागचं चाक डगडगायला लागलं. उघडलं तर आत सगळा चुरा. दादा म्हणाला, माल खराब आला असेल. दुसरं परत आलं, तेव्हा त्याने मालवाल्याचा उद्धार केला आणि दुसरीकडून डबा आणला. तिसरंही आलं. त्या दिवशी घरी येऊन तो वहिनीची शिवणाची सुई बोटांच्या टोकांना टोचून बघत बसला. वहिनीने बघितलं आणि येऊन मला सांगितलं. सांगताना तिचा चेहरा उतरला होता.

“हाताला कळत नाहीसं झालंय,” दादा मला म्हणाला. “कोन किती आवळायचा ते बोटांना समजायचं. आता समजत नाही. दुसरं काय कारण असणार?”

“अरे, कारणं शंभर असतात.”

“तीन चाकं, धाकटे. चाळीस वर्षांत माझं चाक परत आलं नव्हतं.” मग पाने पुसत म्हणाला, “चौथं आलं की बंद. पाने तू ठेव. मी घरी बसतो.”

दादा घरी बसतो म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. एकदा टायफॉइडने तीन आठवडे घरी होता, तर खाटेचे नट आवळून आवळून त्याने खाट मोडली होती. काम सुटलं तर हा माणूस वर्षभरही टिकणार नाही असं मला वाटत होतं, आणि आजही वाटतं. त्या दिवसापासून दुकानासमोर कुणी सायकल हातात धरून चालत येताना दिसलं की मी आधी त्याच्या मागच्या चाकाकडे बघायची.

तीन आठवड्यांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, नर्सबाई सायकल ढकलत आल्या.

“दादा, मागचं चाक घासतंय हो. पाय मारवत नाही. मला तासाभरात पलीकडच्या वस्तीवर पोचायचंय, बाळंतीण अडलीय. लगेच होईल ना?”

ते चाक दादाने पाच आठवड्यांपूर्वी केलं होतं. मला आठवत होतं आणि दादाला तर आठवतच होतं. त्याने सायकल उलटी केली, चाक हाताने हलवून बघितलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, “एवढं करतो. मग तू बघ सगळं.”

“आधी कर तर खरं,” मी म्हटलं.

नर्सबाई बसायलाही तयार नव्हत्या. बॅग खांद्याला लावून दारातच उभ्या, दर दोन मिनिटांनी घड्याळ. दादाने चाक काढलं, नट सोडले, कोन काढला. कोनावर खळगे पडले होते. आतले छर्रे त्याने ताटलीत पाडले आणि ताटली माझ्याकडे दिली. मी रॉकेलमध्ये धुतले. दोन फुटले होते, पण तुकडे जुळवता येत होते. सवयीने माझ्या मनात मोजणी सुरू झाली, माझी, माझ्या नावांची. आबा, आई, आत्या, दादा, ताई, बारक्या, मी, वहिनी. छबीला छर्राच नाही.

कुठे तरी घरंगळला असेल म्हणून मी बाकाखाली शिरले. खोकी सरकवली, चुंबक फिरवला. काही नाही.

“काय शोधतेस?” दादा खेकसला.

“काही नाही. तू कर.”

त्याने दुसरी बाजू उघडली. ते छर्रे मात्र सगळे अखंड होते. मी ते धुवून फडक्यावर ओळीने मांडले. पुन्हा वहिनीपाशी संपले. ह्या वेळी मी बाकाखाली गेले नाही. दोन्ही बाजूंचा एकेक छर्रा कसा हरवेल? आणि हब तर मघाशी बंद होता.

दादाने नवीन कोन काढले, कप पुसून आत बोट फिरवलं, म्हणाला, “कप वाचलेत.” मग ग्रीस भरलं. नव्या डब्यातले छर्रे तळहातावर घेतले आणि बसवायला लागला. दादा हे काम बघून करत नाही. मान वर, डोळे अर्धे मिटलेले, अंगठ्याने छर्रा ग्रीसमध्ये दाबायचा, पुढचा घ्यायचा. ओठ तेवढे हलतात. इतकी वर्षं मी ते ओठ बघत आलेय, पण त्यांच्याकडे लक्ष कोण देतं? आज दिलं.

आबा. आई. आत्या. मी. ताई. धाकटी. वहिनी. छबी.

“झाले,” असं म्हणून दादाने बोट पुसलं.

दादाच्या हाताला काहीही झालं नव्हतं. चार महिने तो बारक्याला वगळून मोजत होता आणि ते त्याचं त्याला माहीत नव्हतं. आठ छऱ्यांवर चाक पहिल्या दिवशी छान फिरतं. आठवडाभर फिरतं. मग भार पडला की छर्रे सरकतात, मध्ये फट पडते, एकेकावर नको तेवढं ओझं येतं आणि आत चुरा होतो. वरून ग्रीस असतं, त्यात फट दिसत नाही.

आता हे सांगायचं कसं? नाव घेतलं तर हा उठून जाईल, चाक असं उघडं टाकून. त्याला वाटेल, मी बारक्याची वकिली करायला ही वेळ साधली. दारात परकं माणूस उभं. नाव नाही घेतलं, तर तो हे चाक बंद करेल, पाने माझ्या हातात देईल आणि घरी जाऊन बसेल. त्याची पाठ वळली की गुपचूप एक छर्रा घालावा असंही मनात आलं. पण त्याची पाठ वळते कुठे! दादा कोन उचलायला लागला.

“दादा, परत मोज.”

“काय?”

“परत मोज म्हटलं ना.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तुलाही आता भरवसा नाही माझा,” म्हणाला. तरी त्याने मोजलं. छऱ्यावर बोट ठेवून, ओठ हलवत. छबीपाशी थांबला. “बरोबर आहेत.”

“दादा, चालतील ना?” नर्सबाई म्हणाल्या. “अर्धाच तास राहिलाय माझा.”

माझं डोकं फिरलं. भीतीही होती आणि रागही आला होता, चार महिन्यांचा. “आकड्यात मोज!” मी ओरडले. “एक, दोन, तीन. शाळेत शिकलास ना? मोज!”

दादा बिथरला. पण पेचकस उचलून त्याने टोकाने एकेक छर्रा मोजला, मोठ्याने, मुद्दाम मला ऐकवत. “एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ.”

पेचकस तिथेच राहिला. त्याने पुन्हा मोजलं. ह्या वेळी आवाज निघाला नाही.

“आठच कसे?” तो म्हणाला. “मी सगळी घेतली की.”

“सगळी नाही घेतलीस.”

“आबा, आई, आत्या, मी, ताई…” तो अडकला. नुसता अडकला. कपाकडे बघत राहिला, आणि मी श्वास रोखून त्याच्याकडे. उठतोय का, पाना फेकतोय का. नर्सबाईंनाही काही तरी कळलं असावं, त्यांनी घड्याळावरची नजर काढली.

“बारक्या राहिला, दादा,” मी म्हटलं. आता बोललेच होते, तर बोलले.

तो उठला नाही. डब्यातून त्याने एक छर्रा घेतला. तो बोटावरून निसटून खाली पडला. दुसरा घेतला. फट कुठे असणार ते आता ठाऊक होतं, पण त्याचा हात तिथे पोचेना. मी त्याच्या मनगटाला खालून आधार दिला आणि म्हटलं, “बारक्या.” छर्रा बसला. दुसऱ्या कपाची वेळ आली, तेव्हा ताईचा छर्रा त्याने पुन्हा एकदा दाबून बघितला. मग इतक्या हळू म्हणाला की शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं. पण म्हणाला.

कोन त्याने हाताने आवळला, पाव फेरा मागे घेतला, वरचा नट घट्ट केला. चाक बसवून हलवून बघितलं, फिरवून बघितलं. आवाज नाही, खेळ नाही. त्याच्या बोटांना सगळं समजत होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. नर्सबाई टांग मारून निघाल्या, बाळंतिणीकडे वेळेत पोचणार होत्या, आणि माझा जीव भांड्यात पडला. “बघ,” मी म्हटलं, “हात शाबूत आहे तुझा. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर!”

मला वाटलं, तो हसेल. निदान शिव्या तरी देईल. तो ठोकळ्यावर बसून राहिला.

“मी तोंडाने बोललो होतो गं,” म्हणाला. “रागात. हातांना कुणी सांगितलं?”

मी छर्रे गोळा करत बसले.

मग तो ताडकन उठला. “चार महिने! चार महिन्यांत मी मागची चाकं किती केली?” तो बोटांवर मोजायला लागला. पाववाला, मास्तर, धोबी, प्रेसमधला, गवंडी, आणखी दोघं. परत आलेली तिन्हीसुद्धा, कारण तीही त्याने आठच घालून परत दिली होती. “गवंडी दोन्ही पोरांना मागे बसवून शाळेचा तो उतार उतरतो,” दादा म्हणाला. “शाळा सुटायच्या आत त्याची सायकल इथे पाहिजे.”

मी फोन घेऊन बसले. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन, बाकीच्यांकडे छबीला पिटाळलं. दादाने सांगायचं काय तेही सांगून ठेवलं: चूक माझी आहे, चाक चालवू नका, ढकलत आणा. चाळीस वर्षं कुणाचं न ऐकलेला माणूस दारात उभा राहून एकेकाला हे सांगत होता. मास्तर चिडले, वाट्टेल ते बोलले. दादाने मान खाली घालून ऐकून घेतलं. दुपारी बारापर्यंत दुकानासमोर नऊ सायकली उलट्या उभ्या होत्या आणि गवंड्याची आली नव्हती. तो कुठल्या तरी बांधकामावर होता, फोन उचलत नव्हता. शाळा दोनला सुटते.

एक वाजेपर्यंत दादाने तीन चाकं पुरी केली होती. घाई करता येत नव्हती, आणि गवंड्याची सायकल आली की सगळं सोडून ती घ्यावी लागणार होती. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. डोकं वर न करता तो म्हणाला, “त्याला फोन लाव.”

“कुणाला?” मी मुद्दाम विचारलं. हो, विचारलं. चार महिने मीही गिळलं होतं.

“बारक्याला. म्हणावं, हात कमी पडतोय.”

बारक्या अर्ध्या तासात आला. शोरूमचा निळा शर्ट, खिशावर त्यांचं चिन्ह. मागून गवंड्याची सायकल ढकलत आणली होती, बांधकाम त्याच्या वाटेवरच होतं आणि मी फोनवर सांगितलं होतं. दारात येऊन थबकला. दादा बघेना, हा आत येईना.

“आत ये की,” मी म्हटलं. “वाजतगाजत आणू का तुला?”

आला. दादाने गवंड्याचं चाक काढून त्याच्या पुढ्यात सरकवलं. बारक्या जुन्या जागेवर बसला, दादाच्या पाठीला पाठ. दीड वाजला होता. दुकानात फक्त पान्यांचा आवाज. मी दोघांच्या मध्ये रॉकेलची ताटली घेऊन बसले आणि काही म्हणजे काही बोलले नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

बारक्याने कप पुसले. ग्रीस भरलं. मला वाटलं, हा आता आकड्यात मोजेल, शोरूमचा माणूस. पण मान वर गेली, डोळे अर्धे मिटले आणि ओठ हलायला लागले. आई-आबा करत. छर्रे भराभर बसले. कोन उचलला.

“थांब,” दादा म्हणाला. सकाळपासून तो प्रत्येक कप बंद करण्याआधी पेचकसाने मोजत होता. तो वळला आणि बारक्याच्या खांद्यावरून वाकून टोकाने मोजायला लागला. एक, दोन, तीन. मीही मनात मोजत होते.

आठ.

बारक्याचे कान लाल झाले. डब्याकडे त्याचा हात गेला, पण दादाने डबा आधीच उचलला होता. एक छर्रा काढून त्याने तळहातावर धरला. आता हा फेकतोय, असं मला वाटलं. आता सगळं संपलं.

“ह्यात मी कुठंय?” दादाने विचारलं.

बारक्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पुसायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून तसंच गळू दिलं. मग म्हणाला, “आत्यानंतर. आत्यानंतर असतोस तू. ताईच्या आधी.”

“मग कर जागा.”

बारक्याने अंगठ्याने ताईपासून पुढचे छर्रे एकेक करून सरकवले. दादाने तिथे छर्रा ठेवला, आणि बारक्याने तो ग्रीसमध्ये नीट दाबून बसवला.